चौथा रकाना

माणूस मरणाला भितो असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो, पण जो तो मरणातल्या कुठल्या तरी वेगळ्याच गोष्टीला भीत असतो. प्रणिता सुतारला हे कुणी शिकवलं नव्हतं. मिरजेच्या पूर्वसूचना केंद्रात सहा वर्षं खुर्चीवर बसून, समोरच्या माणसाला त्याचा दिवस सांगून सांगून तिला ते कळलं होतं. कागदोपत्री तिचं पद समुपदेशक. गावात तिला सगळे ‘सांगणारीण’ म्हणायचे, आणि ती मंडईत दिसली की ओळखीच्या बायकासुद्धा उगाच पिशवी सावरत पलीकडच्या गाड्यावर जायच्या.

आता हे दिवस सांगणं म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आपलं शरीर रोज झिजतं आणि रोज आपली आपण डागडुजी करतं. म्हातारपणी कधीतरी पेशी या डागडुजीचा नाद सोडून देतात. तसं झालं की एका प्रथिनाचे तुकडे रक्तात उतरायला लागतात. आधी मूत्रपिंडाकडून, मग यकृताकडून, मग हृदयाकडून. सगळीकडून एकदम यायला लागले की परतीची वाट नाही. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त घ्यायचं, तुकडे कुठल्या वेगानं वाढलेत ते यंत्रानं मोजायचं, की किती दिवस उरलेत ते निघतं. साधारण चाळीस दिवस आधी ही खूण दिसते आणि चूक झालीच तर एखाद्या दिवसाची. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नाव दिलं होतं, वर्तमानपत्रांनी ‘मावळखूण’ म्हणून टाकलं आणि तेच चालू झालं. अपघात, साप, पाणी यातलं तिला काही कळत नाही. आणि तिच्यावर औषध नाही.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाची ही तपासणी सरकारनं दर महिन्याला मोफत ठेवली होती. सोबत एक कागदाचा फॉर्म. नाव, वय, पत्ता, आणि चौथा रकाना: निकाल कोणाला सांगावा. त्याच्याखाली एक रिकामी ओळ, आणखी काही सांगायचं असल्यास.

या चौथ्या रकान्यात काय काय वाचायला मिळायचं! ऐंशीच्या पुढची माणसं बहुतेक करून ‘मला’ असं लिहायची. त्यांना दिवस हवा असायचा, कारण कुणाशी तरी बोलणं टाकलेलं असायचं, कुठली तरी वस्तू कुणाच्या तरी हातात ठेवायची असायची. सत्तरीतली मंडळी ‘मुलाला’ लिहायची. त्यांना घेऊन आलेले पन्नाशीतले मुलगे प्रणिताला व्हरांड्यात गाठून म्हणायचे, मॅडम, त्यांना काही कळू देऊ नका. आणि तुमचं काय, असं विचारलं की मोबाईल बघायला लागायचे. त्यांची कॉलेजातली पोरं आणखी निराळी. त्यांना मरणाचं फारसं काही नसायचं, मागे काय राहणार याची फिकीर असायची. आजोबांचा आवाज साठवता येईल का, आजीसारखं बोलणारं काही बनवता येईल का, हेच विचारायची.

घराघराप्रमाणेही भीती बदलायची. साखर कारखान्याच्या एका माजी चेअरमननी तीन शहरांत तीन तपासण्या केल्या, तिन्हीत तोच दिवस निघाला तेव्हा चौथीसाठी विमानाचं तिकीट काढलं. शिरोळकडच्या एका जैन आजींनी दिवस ऐकून हात जोडले, म्हणाल्या, बरं झालं बाई, सगळ्यांची क्षमा मागायला सवड मिळाली. आणि पालावरचा मल्लू. त्याच्या बापाचं मढं दोन गावांनी आपल्या वेशीवरून परत पाठवलं होतं, शेवटी ओढ्याकाठी लपूनछपून पुरावं लागलं होतं. आईचे एकतीस दिवस उरलेत हे ऐकून तो रडला नाही की काही नाही. एवढंच म्हणाला, एकतीस दिवसांत जागा बघून होईल. त्या दिवशी प्रणिताला घरी आल्यावर घास गिळवला नाही.

तर असं सगळं बघून बघून तिला स्वतःविषयी थोडा भरवसा आला होता. चौथा रकाना बघितला की माणूस कळतो, असं ती नव्यानं लागलेल्या पोरींना सांगायची. आणि खरं सांगायचं तर तिला आता रकाना बघायचीही गरज वाटत नव्हती. माणूस दारातून आत आला की ती ओळखायची.

तिचं घर तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत. वडील दिनकर सुतार, म्हणजे अण्णा, यांनी सगळा जन्म तंबोऱ्यांची जवारी काढण्यात घालवला. तारेखालची घोडी कानसीनं अशी घासायची की तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. त्याला जवारी म्हणतात, आणि मिरजेतसुद्धा ते काम नीट जमणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. दुकान सुटल्यावरही अण्णांनी पुढच्या खोलीत एक तंबोरा ठेवला होता. रोज सकाळी चहाआधी ते तो सुरात लावायचे. आत स्वयंपाकघरात प्रणिताची आई, मालनबाई, ते ऐकत चूल पेटवायची. गॅस आला, मग विजेची शेगडी आली, तंबोरा तोच राहिला. पंचम लागला की ती चहाचं आधण ठेवायची आणि खर्ज लागला की कप भरायची. घड्याळ तिनं कधी बघितलं नाही.

मालनबाईंचं एकच टुमणं होतं, आणि ते गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. मला ह्यांच्या आधी जायचंय. हळदीकुंकवाला म्हणायची, लग्नात म्हणायची, दवाखान्यात डॉक्टरला म्हणायची. ट्रंकेत एक हिरवं लुगडं घडी घालून ठेवलं होतं. शेवटी हेच नेसवायचं, मळवट भरायचा, ओटी भरायची, असं तिनं शेजारणींना बजावून ठेवलं होतं. प्रणिताला त्याचा आधी राग यायचा. मग तिचा स्वतःचा नवरा अंकलीच्या पुलावर ट्रकखाली गेला, आणि राग गेला. सासरच्या बायकांनी तिला मधोमध बसवून बांगड्या फोडल्या होत्या. काचेचा तुकडा मनगटात शिरला, त्याचा व्रण नऊ वर्षांनीही पांढरा दिसत होता. ती मुलीला घेऊन माहेरी आली, आडनावही माहेरचंच लावायला लागली. बांगड्या फुटल्या त्या दिवसापासून तिला आईचं टुमणं कळलं असं वाटायला लागलं. हे आईच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

त्या महिन्यात आईअण्णांची रक्तं दोनदा घेतली गेली. केंद्राचा नियम असा की आपल्या घरच्यांचे निकाल आपण बघायचे नाहीत, ते दुसऱ्यानं सांगायचे. म्हणून ते नझीर मुल्लाकडे होते. नझीर तिच्याबरोबरचाच, सरळ माणूस. शुक्रवारी दुपारी तो नमाजला गेला आणि प्रणितानं त्याच्या पडद्यावर आडनाव घालून निकाल उघडला. नियम तिनेच नव्या पोरींना शिकवले होते. पण आपल्या आईबापाचं असलं की हात थांबत नाही, दुसरं काय.

दिनकर सुतार, वीस दिवस. मालन सुतार, चोवीस दिवस.

तिनं आकडे दोनदा वाचले, आणि दोनदा हादरा बसला. आधी दोघं जाणार याचा, आणि मग दुसरा, त्याहून खोल, चार दिवसांचा. पन्नास वर्षं एकच गोष्ट मागणाऱ्या बाईला चार दिवसांनी चुकवलं होतं.

नझीर आला तेव्हा ती त्याच्याच खुर्चीत बसलेली होती. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं विनवणी केली की दोघांचंही मीच सांगते, तू मध्ये पडू नकोस. त्याला ते पटत नव्हतं, पण तिचं तोंड बघून तो नरमला.

“प्रणिताताई, निदान फॉर्म वाचून सांगा. कपाटात आहेत.”

“माझे आईवडील आहेत ते नझीरभाई. त्यांच्या मनातलं मला कागदावर बघायला लागतंय होय?”

फॉर्म कपाटातच राहिले.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. प्रणिता समोर बसली आणि तिनंही शेंगा फोडायला घेतल्या. मालनबाईंनी वर न बघताच विचारलं, किती.

“चोवीस.”

आईचा हात थांबला नाही. दोन शेंगा फोडून झाल्यावर ती म्हणाली, “आणि ह्यांचं?”

सहा वर्षांत प्रणिता कुणाशी खोटं बोलली नव्हती. तिचं नाव होतं ते त्याच्यासाठीच. ती म्हणाली, “अण्णांना अजून खूणच नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“मग मी आधी. बरं झालं बाई.” मालनबाईंनी टरफलं सुपात गोळा केली, पदरानं डोळे टिपले आणि ती हसली. ते हसू बघून प्रणिताला वाटलं, आपण केलं ते योग्य केलं. उरलेलं पुढचं पुढं बघू.

पुढचे काही दिवस घरात जणू कार्य निघालं होतं. मालनबाईंनी हिरवं लुगडं उन्हात घातलं. शेजारणींना एकेकीला बोलावून जेवू घातलं. नात ओवी, प्रणिताची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात ध्वनिमुद्रणाचं शिकत होती. ती दिवसभर आजीच्या मागे माईक घेऊन फिरायची. आजीनं कटाच्या आमटीची कृती सांगितली, जावेच्या तक्रारी सांगितल्या, आणि हे कुणाला ऐकवू नकोस म्हणून पुन्हा आणखी दोन सांगितल्या. अण्णांना बायकोनं स्वतःच सांगितलं होतं की माझा दिवस ठरला. तेव्हापासून ते संध्याकाळी येऊन तिचे पाय चेपत बसायचे, आणि सकाळी तंबोरा लावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घ्यायचे. ओवीनं कॉलेजच्या कामासाठी म्हणून एका सकाळी तेही मुद्रित करून ठेवलं.

पंधराव्या दिवसापासून दोघंही उतरायला लागली. मालनबाई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली. डोकं आणि कान मात्र पहिल्यासारखे लख्ख. अण्णांच्या पायांवर सूज आली, चार पावलं चालले की धाप लागायची, सकाळचा तंबोरा मात्र ते अंथरुणात बसूनही लावायचे. मालनबाईंनी जन्मभर माणसं बघितली होती, तिनं नवऱ्याला एकदा नीट बघितलं असतं तर ओळखलं असतं. म्हणून प्रणितानं दोघांना भेटूच दिलं नाही.

आईला ती म्हणाली, अण्णांना सर्दीखोकला झालाय, डॉक्टर म्हणालेत तुझ्याजवळ यायचं नाही. अण्णांना म्हणाली, आईला औषधाची गुंगी आहे, झोपलीय. दोन खोल्यांमध्ये फक्त स्वयंपाकघर होतं. अण्णा पुढच्या खोलीत पडून विचारायचे, ही कशी आहे. आई मागच्या खोलीतून विचारायची, ह्यांचा खोकला कसा आहे. प्रणिता एकाचं दुसऱ्याला कळवत नव्हती, दोघांनाही बरं आहे म्हणत होती.

ओवीला हे सगळं माहीत झालं होतं, लपणार कसं? तिनं आईला मोरीपाशी गाठलं. म्हणाली, तू रोज परक्या लोकांना सांगतेस, आजीला का नाही? तिचं आहे ते. तुझं नाही.

प्रणितानं ओल्या हाताचं मनगट तिच्यासमोर धरलं. “हे माझ्या वाट्याला आलं. चार दिवसांसाठी हे आजीच्या वाट्याला यायला पाहिजे का, सांग.”

ओवी त्या व्रणाकडे बघत राहिली. बाप गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिला दुसऱ्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

विसावा दिवस गुरुवार होता. दुपारी पावणेतीनला अण्णांचा श्वास बदलला. पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेले वाळके भोपळे, कोपऱ्यात तंबोरा, आणि प्रणिता उशाशी. त्यांनी डोळे उघडले.

“हिला बोलव.”

“झोपलीय अण्णा.”

“उठव.”

प्रणिता उठली. स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि पाण्याच्या माठापाशी उभी राहिली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पलीकडे काही आवाज नव्हता. नुसतं दार ढकलायचं होतं. आईला खांद्याला धरून आणता आलं असतं, नाहीतर ओवीनं आणि तिनं मिळून गादीसकट ओढत आणलं असतं. मग आई बघेल, मग बांगड्या, मग ते सगळं. ती माठातलं पाणी फुलपात्रात घेऊन परत आली.

“गाढ झोपलीय. उठली की आणते.”

अण्णांनी मान हलवली. त्यांनी मुलीचं बोलणं कधी खोटं धरलं नव्हतं. तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, ते आत गेलं, आणखी दोन घोट गेले. मग जात नाहीसं झालं. तीन वाजून गेले होते.

पुढचं सगळं गल्लीनं सांभाळलं, आणि हे आपल्याच माणसांना जमतं. नझीर गाडी घेऊन आला. अण्णांना गल्लीच्या टोकाला शिकलगारांच्या अंगणात नेलं, तिथून कृष्णाघाटावर. बायकांनी तोंडात पदर कोंबले, एकीनंही हंबरडा फोडला नाही. अग्नी प्रणितानंच दिला. घरी येऊन तिनं अंघोळ केली, दुसरी साडी नेसली, आणि आईला पेज भरवायला बसली. आई म्हणाली, डोळे का गं लाल. प्रणिता म्हणाली, कांदा चिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली आणि घर गप्प होतं. मालनबाई मागच्या खोलीतून म्हणाली, आज हे उठले नाहीत वाटतं. प्रणिता शेगडीपाशी थबकली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं लपवलं, आवाज कसा लपवणार?

ओवी पुढच्या खोलीत गेली. दोन मिनिटांनी तिथून तंबोरा यायला लागला. खुंटी करकरली, पंचम चढला, उतरला, ठरला. सूर बारीक जुळवायला तारेतले मणी सरकवल्याचा आवाजसुद्धा आला. जोडीच्या तारा लागल्या, शेवटी खर्ज लागला आणि अण्णा खोकले. इतकं खरं होतं ते, की प्रणिता स्वयंपाकघरात भिंतीला टेकली आणि खाली बसली.

मालनबाई डोळे मिटून ऐकत होती. “उठले म्हणायचे,” एवढंच म्हणाली.

पुढच्या सकाळीही ओवीनं तेच लावलं, आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा. पंचम, जोडी, खर्ज. प्रणिता आईच्या कपाळाला कुंकू लावत होती, गेले दोन दिवस ती ते रोज नव्यानं, ठसठशीत लावायची. मालनबाईंनी तिचा हात धरला.

“बंद करायला सांग ते.”

“आई, अण्णा तंबोरा...”

“बंद कर गं. तीन दिवस झाले, हे खर्ज लावतात आणि तिथंच खोकतात. माणूस रोज एकाच जागी खोकतंय होय?”

पुढच्या खोलीतला आवाज थांबला. ओवीनं ऐकलं होतं. प्रणिताचं कुंकवाचं बोट तसंच वर राहिलं.

“कधी?” आईनं विचारलं.

“गुरुवारी. दुपारी तीनला.”

“तीनला?” मालनबाई आढ्याकडे बघत राहिली. “मी जागी होते की गं. गुरुवारी तीनला मी जागीच होते. माठावरचं झाकण वाजलेलं ऐकलं मी.”

प्रणिताचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं, वीस आणि चोवीस, पडद्यावर बघितलेलं, खोटी सर्दी, खोटी झोप. तुला आधी जायचं होतं ना आई, जन्मभर तेच म्हणालीस, मला तुला चार दिवसांसाठी तसं बघायचं नव्हतं, माझं काय झालं ते तू बघितलंस ना. बोलता बोलता तिनं तो हात पुढं केला होता, लहानपणी खरचटलेलं दाखवायची तसा.

मालनबाईंनी तो हात घेतला आणि व्रणावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग जी काही ताकद उरली होती ती गोळा करून बोलली.

“कुंकवाचं काय घेऊन बसलीस बाळ. मला ह्यांच्याशिवाय सकाळ बघायची नव्हती, म्हणून मी आधी जाते म्हणायचे. बायकांत तसं कसं सांगायचं, म्हणून कुंकवाचं नाव.” ती थांबली, श्वास घेतला. “ह्यांनी कागदावर माझं नाव घातलं होतं. मला येऊन म्हणाले, मालन, माझं काही असलं तर केंद्रातले तुलाच सांगतील. म्हणून मी निर्धास्त होते. रोज वाटायचं, काही असतं तर पोरगी बोलली असती.”

प्रणिताला वाटलं, आता आईनं आपल्याला मारावं. आई मारत नव्हती.

“शेवटी काय म्हणाले?”

सांगणारीण गप्प झाली. झोपेतच गेले, असं म्हणता आलं असतं. ते ऐकून समोरचं माणूस निवांत होतं, हे तिला सहा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. पण तिच्यात आणखी एक खोटं उरलं नव्हतं.

“तुला बोलवत होते. हिला उठव म्हणाले. मी म्हटलं, गाढ झोपलीय.”

मालनबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. दुपारपर्यंत ती तशीच पडून होती. पाणीही घेतलं नाही. मग तिनं ओला फडका मागितला आणि आपल्या हातानं कपाळ पुसलं, सावकाश, चेहरा धुतल्यासारखं. तिनं प्रणिताला पुसू दिलं नाही. ते झाल्यावर ती विचारायला लागली. पाणी किती गेलं. मान कुठल्या बाजूला होती. अंगात कुठला सदरा होता. चष्मा काढला होता की नाही. घाटावर वारा होता का. प्रणिता एकेक सांगत गेली. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी सांगत गेली. संध्याकाळी आई म्हणाली, हिरवं लुगडं नको आता, त्यांचा कामाचा सदरा आण. लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास असलेला तो जुना सदरा तिनं उशीवर पसरायला लावला आणि त्यावर गाल टेकला.

चोविसाव्या दिवशी सकाळी ती गेली. घरात कुठलाच आवाज नव्हता. प्रणिता आणि ओवी दोघी जवळ होत्या. क्षमा केली असं मालनबाई म्हणाली नाही, आणि प्रणितानं मागितली नाही. जाताना तिनं लेकीचं मनगट धरलेलं होतं, एवढंच.

चौदा दिवसांनी प्रणिता कामावर गेली. दोन्ही प्रकरणं मिटवायची होती, आणि त्यासाठी फॉर्म जोडावे लागतात. नझीरनं कपाटातून काढून तिच्यासमोर ठेवले आणि काहीतरी निमित्त करून बाहेर गेला. आईचा फॉर्म ओवीच्या अक्षरात होता, ‘मला’. अण्णांचा त्यांच्या स्वतःच्या हातचा, सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेला, अक्षरं ओळ सोडून खाली गेलेली.

निकाल कोणाला सांगावा: हिला. मला नको.

आणखी काही सांगायचं असल्यास: दिवस आला की हिला माझ्याजवळ बसवा. पोरीला आधी सांगू नका. तिनं एकदा सोसलंय, ती घाबरून काहीतरी करून बसेल.

प्रणितानं तो कागद उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. बाहेर नंबर पुकारला गेला आणि एक म्हातारं जोडपं आत आलं, मालगावचं असावं. नवऱ्यानं बायकोला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, मग स्वतः बसला. त्यांचा फॉर्म टेबलावर होता. तिनं तो उघडला, चौथा रकाना वाचला, खालची ओळ वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. अक्षरं काही केल्या दिसत नव्हती.

“सांगा की बाई,” म्हातारी म्हणाली.

“सांगते,” प्रणिता म्हणाली. “आधी मला हे तेवढं वाचून दाखवता का?”